दैवशालाच्या गिरणीतला प्रश्न

वडीगोद्रीच्या दैवशालाला हळू बोलता येत नाही. दिवसभर पिठाच्या गिरणीवर उभं राहून तिचा गळाच तसा घडला आहे. थोरली पोरगी आकांक्षाही आईच्याच वळणावर गेलेली.

आकांक्षा दहावीला. विज्ञानाच्या तासाला सरांनी पुनरुत्पादनाचा धडा उघडला, मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं, आणि सरांनी 'हे घरी वाचून घ्या' म्हणत पुस्तक मिटलं. पोरीनं दोनदा वाचलं. काही उमगेना. मग ती पुस्तक घेऊन गिरणीत आली. घरघर चालू होती म्हणून आईच्या कानाशी जोर लावून विचारायला गेली, आणि नेमकी लाईट गेली.

"आये, पण लेकरू पोटात जातं कसं?"

बंद पडलेल्या गिरणीत प्रश्न खणखणीत ऐकू गेला. डबे घेऊन बसलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दैवशालाचे कान तापले. 'घरी सांगते' म्हणावं, तर घरी तरी ती काय सांगणार होती? तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती कापूस वेचत होती. काहीतरी चावलं, आता आपण मरणार, असं समजून बांधावर रडत बसली होती.

साठी उलटलेली नंदाबाई खुदकन हसली. "इचार बाई, इचार. मला चार लेकरं झाली, पण बराबर कुणीच सांगितलं न्हाई!"

मग असा हशा फुटला की थांबेना. हसता हसता एकेकीचं तोंड उघडलं. कुणी नवी नवरी असताना किती घाबरली ते सांगितलं, कुणी पोराच्या मोबाईलवर काय सापडलं ते. लाईट आली तरी कुणी डबा पुढं करेना.

दुसऱ्या दिवशी दैवशालानं शाळा गाठली. मुख्याध्यापक केशव सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "ताई, शिकवायला माझी ना नाही. पण एक पालक ओरडत आला की मी एकटा पडतो. सगळ्या सरकारी शाळांत, पोरापोरींना वयाप्रमाणं शिकवायचं, असं विधानसभेत ठरलं तर कुणी काही बोलणार नाही."

"मंग आमदारालाच सांगावं लागंल," दैवशाला म्हणाली. गिरणीचा पट्टा तुटलाय, मिस्त्रीला बोलवा, असा तिचा सूर.

पुढच्याच आठवड्यात आमदार रस्त्याच्या भूमिपूजनाला गावात आले. नारळ फुटला, तशी दैवशाला बायकांना घेऊन पुढं झाली.

"साहेब, शाळेत लेकरांना शरीराचं शिक्षण पायजे. पाळी काय, गर्भ काय, नको तिथं कुणी हात लावला तर काय करायचं, पोरीनं न्हाई म्हटलं की पोरानं थांबायचं. सगळं."

आमदारांनी आधी माइक बंद आहे का ते पाहिलं. "ताई, हे असं चारचौघांत..."

"चारचौघांत न्हाई तर सभागृहात बोला!"

पहिली टाळी नंदाबाईची पडली. आमदारही हसले. मग हळूच म्हणाले, "मलाही दोन पोरी आहेत. बोलतो मी. पण काय काय मांडायचं ते नीट सांगा." उकरलेल्या मातीपाशी उभं राहून दैवशालानं त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अधिवेशनात त्यांचं भाषण झालं, तेव्हा गिरणी बंद ठेवून सगळ्या जणी एका मोबाईलभोवती बसल्या. 'पाळी' या शब्दापाशी आमदार अडखळले, पाणी प्यायले, आणि मग धडाधड बोलून गेले. बायकांनी एकच गलका केला. मंत्र्यांनी मात्र 'विचार करू' एवढंच उत्तर दिलं.

"इचारच करून राह्यले," नंदाबाई कुरकुरली.

"करू द्या. पुढच्या अधिवेशनाला आपण परत सांगू," दैवशाला म्हणाली.

केशव सरांना तेवढा आधार पुरला. पालकांना बोलावून त्यांनी तो धडा घेतला, पोरंपोरी एकत्र बसवून. दैवशालाचा नवरा मच्छिंद्र मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. पण 'विचारा काही' म्हटल्यावर मोठ्यांतला पहिला हात त्याचाच वर गेला.

"सर, पोरगा व्हायचा का पोरगी, हे बाईमुळं ठरतं ना?"

"नाही. ते बापाकडून ठरतं," सरांनी फळ्यावर काढून दाखवलं.

मच्छिंद्रनं ते सरांकडून पुन्हा एकदा समजून घेतलं. दोन्ही पोरीच झाल्या म्हणून त्याच्या आईनं दैवशालाला काय काय ऐकवलं होतं, ते त्याला ठाऊक होतं.

"आईला हे मी सांगतो," तो बाहेर आल्यावर म्हणाला, आणि दैवशालाच्या पुढं झपाझप घराकडं चालू लागला.