आठचा दगड

शर्यतीला आठ दिवस उरले असताना मला कळलं की मी सोळा किलोमीटर कधी धावलेच नव्हते.

आधी वहीबद्दल सांगते. मी दारव्ह्यात शाळेत गणित शिकवते. घरात सिलिंडर कधी लावला, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी टाकलं, वर्षाची तूरडाळ किती भरली, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. नवरा म्हणतो, ही गेली तरी हिच्या दहाव्याची यादी फ्रिजवर लावलेली सापडेल. त्यामुळे पोळा झाल्यावर यवतमाळच्या मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटर धावायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी मी वही आणली. तारीख, अंतर, वेळ, शेरा असे चार रकाने. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत माईकवरून जाहीर करून टाकलं, म्हणजे माघार नको. "पन्नाशीच्या आत एकवीस किलोमीटर," मी म्हणाले, आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. साडेतीन तासांत पोहोचायचं होतं. त्यानंतर येणाऱ्याची नोंद होत नाही.

सोबत होती शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिचं माहेर गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर. "आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडत होते ताई," ती म्हणाली, "मले एकवीसचं काय सांगता?" आम्ही दर रविवारी उजाडताच निघायचो. मी बूट घालून, ती साडीचा काचा मारून आणि नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून.

रस्ता तिच्या माहेरचाच. रुंदीकरणात त्या रस्त्यावरचे किलोमीटरचे सगळे दगड निघाले होते आणि नवे लागले नव्हते. एकच उरला होता, तांड्याच्या वळणावरचा. पिवळं डोकं, खाली काळ्या अक्षरात दारव्हा ८. जीपवाले, पाहुणे, दूधवाले, सगळे त्या जागेला आठचा दगडच म्हणत. आमच्या कॉलनीच्या फाटकापासून दगडापर्यंत आठ, परत आठ. सोळा. मला तो दगड फार आवडायचा. बाकीचे गेले, हा जागेवर राहिला, असं वाटायचं.

पहिल्यांदा न थांबता दगडाला हात लावला तो दिवस दिवाळीनंतरचा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. मी दगडावर हात ठेवून विचारलं, "आठ झाले ना गं?" आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "झाले ना ताई." वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात मी लिहिलं आहे: जमतं.

पुण्याहून मुलीनं घड्याळ पाठवलं होतं, अंतर मोजणारं. त्यात सोळाच्या जागी अकरा पॉइंट सहा दिसायचं. मी दोनदा बघितलं, मग शेजारणीला दाखवलं. तिनं माझ्या मनगटाकडे बघितलं, मग शेताकडे.

"बेकार हाय हे ताई. इकडं टावर कुठं हाय? सरकारी दगड खोटा सांगन का?"

मला पटलं. मी घड्याळ कपाटात टाकलं आणि मुलीला कळवलं की परत करता आलं तर कर. गणित शिकवणाऱ्या बाईनं घड्याळावर शंका घेतली, दगडावर घेतली नाही. सोळा किलोमीटर एक तास पन्नास मिनिटांत. या हिशेबानं एकवीस अडीच तासांत. एक तास हातात. मी निर्धास्त होते.

मग तांड्यावरचं लग्न आलं. शेजारणीच्या भाच्याचं. पत्रिकेत पत्ता छापला होता: आठचा दगड, दारव्हा रोड. दुपारची पंगत बसली होती, शेजारीण वरणाची बादली घेऊन वाढत होती. तिचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. पांढरं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, अंगात लग्नाचा उत्साह.

"मास्तरीनबाई, तुमी रोज आमच्या दगडापर्यंत पयता म्हनते पोरगी."

"रविवारी. तुमचा दगड म्हणून तर आमचं अंतर समजते बाबा."

म्हातारा खूश झाला. "आमचाच हाय तो! रोड मोठा झाला तवा तांड्याचं जुनं वळण बंद पडलं ना. नवीन वळण गावाकडं सरकलं, दोन-सव्वादोन किलोमीटर. आता जीपवाला थांबन कुठं? पाहुणा उतरन कुठं? त्याले आठचा दगड मालूम. मंग आमी चार जणांनी तो दगड ट्रॉलीत घातला आन् नव्या वळणावर आनून गाडला. सिमिट टाकून! पत्ता आमचा होता, आमी संगं घेऊन आलो."

आजूबाजूचे हसले. एक जण म्हणाला, "सासरी जाताना पोरगी भांडे नेते, आमी दगड नेला." मीही हसले असावे. घास हातात होता. आठ उणे सव्वादोन, हे माझ्या डोक्यात आपोआप झालं. मग मी मान वर केली. शेजारीण दोन पानं सोडून उभी होती. बादलीतला डाव तिच्या हातात तसाच होता. ती पुढं वाढायला आली नाही. मागं फिरली.

तिला माहीत होतं.

संध्याकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले आणि मीटर बघितलं. फाटक ते दगड, पाच किलोमीटर आठशे मीटर. घड्याळाचा आकडा दशांशापर्यंत बरोबर होता. नवरा म्हणाला, "नाव काढून घे. कोण विचारते?" दोनशे पोरी विचारतील, असं मी म्हणाले. पण खरं कारण ते नव्हतं. मला फार मोठी चोरी झाल्यासारखं वाटत होतं आणि काय चोरीला गेलं तेच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती.

"तुले मालूम होतं," मी म्हणाले.

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माह्या बापानं गाडला, मले मालूम नसन का?"

"मंग घड्याळ बेकार हाय म्हनत होती ते?"

तिनं चादर पिळली, झटकली, परत पिळली. "तुमी दगडाले हात लावला आन् रडल्या ताई. तवा कसं सांगू, पावनेसहाच झाले म्हून?"

"नंतर सांगायचं."

"नंतर तुमी वहीत लिवलं. तुमच्या वहीतलं खोटं हाय असं तुमाले कोन सांगन? घरातबी नाई सांगत कोनी." मग हळू आवाजात, "आन् सरकारी दगड उपटला म्हून तुमी अर्ज केला असता. माह्या बापावर."

केला असता. मला ते नाकारता आलं नाही, आणि म्हणून राग आणखी वाढला.

"आणि तू? तू कशी धावणार एकवीस? तुझेही तेवढेच झाले ना?"

तिनं चादर दोरीवर टाकली आणि टोकं जुळवत राहिली.

"बुधवारी मी जुन्या वळणापर्यंत जातो," ती म्हणाली. "एकटी."

म्हणजे खरे आठ. खरे सोळा. दर बुधवारी, मी शाळेत फळ्यावर अपूर्णांक शिकवत असताना. आणि रविवारी माझ्यासोबत खोट्या दगडाला हात लावून "झाले ना ताई" म्हणत होती. आधीची सगळी कारणं मी कदाचित पचवली असती. बुधवार पचला नाही. मी आत गेले आणि मागचं दार लावून घेतलं.

आठ दिवसांत काय करता येईल याची यादी करायला बसले. झोप, पाणी, केळी, नखं कापणे, बुटांच्या लेस. पाचच्या पुढे गेलं नाही. आठ दिवसांत पाय वाढत नाहीत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? नवीन हिशेब केला. जी अकरा-बारा धावली आहे तिला त्याच्या जवळजवळ दुप्पट धावायचं आहे. त्याच वेगानं धावत राहिले तर तीन तास वीस मिनिटं, आणि त्या वेगानं कोण राहतं? हातात तासाऐवजी दहा मिनिटं. रात्री पोटऱ्या आखडायच्या, न धावताच.

शर्यतीच्या सकाळी यवतमाळला थंडी होती. मैदानावर लाऊडस्पीकर ओरडत होता. संडासाच्या रांगेत दोनदा उभी राहिले. आजूबाजूच्या तरुण मुली पाय डोक्याला लावत होत्या. मी बनियनवर नंबर लावत असताना मागून आवाज आला.

"ताई, पिना हायत का?"

ती जीपनं आली होती. तेच कॅनव्हासचे बूट. आठ दिवस आम्ही बोललो नव्हतो. माझ्याकडे बारा पिना होत्या. चार माझ्या, चार तिच्या, चार जास्तीच्या. ही यादी मी पोळ्यानंतरच केली होती. मी चार पिना तिच्या हातावर ठेवल्या.

सुटल्यावर मला वाटलं ती पुढं जाईल. गेली नाही. माझ्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागं, तशीच राहिली. प्रत्येक किलोमीटरला पाटी होती. पाटी आली की ती आकडा म्हणायची. "सात झाले ताई." मी पाटीकडे बघायची. "नऊ." मी पाटीकडे बघायची. बारावर पाय जड झाले. तेरापासून पुढचं सगळं माझ्यासाठी नवं होतं. त्या रस्त्यावर माझं शरीर कधी गेलंच नव्हतं. चौदावर कंबर धरली. मी चालू लागले, तीही चालली.

"जा पुढं," मी म्हणाले. आठ दिवसांतला पहिला शब्द.

"नाई जात."

"तुझ्या बुधवारचा उपयोग कर."

तिला लागलं. चेहऱ्यावर दिसलं. मी पुन्हा धावू लागले, बहुतेक रागानंच.

सतराची पाटी आलीच नाही. वाऱ्यानं पडली असेल, नाहीतर कोणी नेली असेल. मी शोधत होते, डावीकडे, उजवीकडे, नाल्याच्या पुलाखाली.

"सतरा झाले ताई," ती म्हणाली. "पूल गेला मागं. झाले."

माझ्या हातात कपाटातून परत काढलेलं तेच घड्याळ होतं. त्यातही सतरा होते. तरी मी मान हलवली नाही. पुढचा अख्खा किलोमीटर मी तो आकडा धरलाच नाही. अठराची पाटी दिसली तेव्हाच मी मनात सतराही लिहिले.

तीन तास सव्वीस मिनिटांत पोहोचले. ती माझ्या बरोबर. गळ्यात पदकं घातली, कोणीतरी फोटो काढला. फोटोत ती माझ्याकडे बघते आहे आणि मी फलकावरच्या वेळेकडे.

सोमवारी प्रार्थनेत पोरींनी टाळ्या वाजवल्या. वहीतल्या जुन्या नोंदी मी खोडल्या नाहीत. प्रत्येकीच्या शेजारी लाल पेनानं खरा आकडा लिहिला. "जमतं" हा शेरा तेवढा तसाच ठेवला, कारण त्याला कोणता आकडा लावायचा ते ठरलं नाही.

शनिवारी भिंतीपलीकडून तिनं विचारलं, "उद्या जायचं ना ताई?" मी म्हणाले, "माझा दिवस आता गुरुवार आहे." गुरुवारी शाळा दुपारची असते. मी एकटी जाते, जुन्या वळणापर्यंत. तिथं दगड होता त्या जागी खड्डा आहे, त्यात गवत उगवलं आहे. तिथून परत फिरते. येताना तांड्याचं वळण लागतं आणि तो दगड दिसतो, पिवळं डोकं, दारव्हा ८. त्याच्याजवळ जीपची वाट बघणारी माणसं बसलेली असतात.

बांधकाम खात्याच्या नावानं अर्ज लिहून ठेवला आहे. वहीच्या शेवटच्या पानात आहे. अजून दिलेला नाही.