अठ्ठ्याण्णव हजार सहाशे एकोणनव्वद

आमची आत्या गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्यांना ऊठसूट दटावते, "नजर रस्त्यावर!" आणि स्वतःचा एक डोळा मात्र किलोमीटरच्या आकड्यावर. आकडा दिसला की त्याला कशाकशाने भाग जातो हे काढल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नाही.

एका शनिवारी ती फाटकाशी गाडी लावत होती, तेवढ्यात आकडा फिरला. ९८६८९! किल्ली काढून ती तरातरा घरात आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी; ते टेबलावर कुणाची तरी पँट बेतत होते. आत्याने पँट बाजूला सारली, त्यांचाच खडू उचलला आणि टेबलावर भागाकार मांडायला घेतले.

"अगं, गिऱ्हाईक येईल ना आत्ता!"

"थांबा हो. उलटा वाचा, सुलटा वाचा, आकडा तोच. आता याला कशानेच भाग जात नसेल तर बघा गंमत."

तीनशे चौदाच्या पुढे जायचं कारण नव्हतं, कारण तीनशे पंधराचा वर्गच या संख्येपेक्षा मोठा. तरी रविवारची दुपार उजाडली. शेवटी तीनशे तेराने भागलं, बाकी उरली, आणि आत्या ओरडली, "मूळ संख्या!"

"वा! चल मग, कापडाचे तागे आणायचेत."

"गाडी हलायची नाही. पाच आकड्यांत असली ही शेवटचीच. सहा आकडी, दोन्हीकडून सारखी कुठलीही घ्या, तिला अकराने भाग जातोच. म्हणजे पुढची थेट दहा लाखांनंतर. तोवर गाडी टिकेल का?"

"गाडीचं राहू दे, मी टिकेन का?"

मग शिकवणी उभ्या गाडीत सुरू झाली. शिकायला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी बंद गाडीतच झकास गिअर बदलले, आरशात पाहिलं, भिंतीवरच्या मांजराला हॉर्नही दिला. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी भीत भीत विचारलं, "बाई, रस्ता कधी लागणार?"

काका बसने तागे आणू लागले. शुक्रवारी एक जाडजूड तागा खांद्यावरून उतरवून ते पायरीवरच बसले. शर्ट घामाने चिंब. ते पाहून आत्याने किल्ली उचलली.

"बसा गाडीत," ती म्हणाली. "उरलेले आणू."

पहिल्याच वळणावर शेवटच्या नवाचं शून्य झालं. आत्याचा चेहरा पार उतरला. काकांनी घसा साफ केला. "या नव्या आकड्याला कशाने भाग जातो गं?"

"दहाने. शेंबडं पोरही सांगेल."

"मग उरले अठ्ठ्याण्णवशे एकोणसत्तर. त्यांना?"

सिग्नलला थांबून आत्या मनातल्या मनात भागाकार करू लागली. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. बऱ्याच वेळाने तिने स्टिअरिंगवर थाप मारली. "एकाहत्तर गुणिले एकशे एकोणचाळीस!"

"अगं, दुकान मागे राहिलं!"

"राहू दे. पुढून वळते, तोवर अठ्ठ्याण्णव हजार सहाशे एक्याण्णवही येईल. त्याला तीनने भाग जातो बघा!"