गोरेगावच्या सुया

साताऱ्याहून गोंदियाला पोचेपर्यंत आमची तीन जेवणं, दोन झोपा आणि एक भांडण झालं. भांडण माझ्या पायांवरून. मी निवृत्त मुख्याध्यापक. मला शुगर आहे आणि दोन वर्षांपासून तळपाय कळेनासे झाले होते. वडिलांचा पाय शुगरमुळेच गुडघ्याखाली कापला होता, म्हणून भीतीपोटी हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सुमनला संशय होताच. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायानं मी झोपतानाही मोजे घालत असे.

गोंदियाजवळ फुलचूरला तिची भाची वनिता राहते. तिच्याकडे भात आणि लाखोरीची डाळ (आमच्याकडे हिला कुणी विचारत नाही) पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी नागझिरा. वाघ दिसला नाही. वाघानं आपल्याला नक्की पाहिलं असणार, असं गाईड म्हणाला. तेवढ्यावर समाधान मानलं. संध्याकाळी बूट काढला तर आतून बोराच्या आठोळीएवढा खडा पडला. मोजा रक्तानं चिकटला होता.

दिवसभर कळलं नाही का, असं सुमननं विचारलं. आम्ही काही कापसात वाढलेलो नाही, असं मी म्हणालो. तिनं तो खडा उचलून खिडकीत ठेवला.

वनिताच्या दुखऱ्या टाचेला तिथून जवळच्याच गोरेगावच्या एक बाई चिनी पद्धतीच्या सुया टोचत. सकाळी सुमननं मला बजावलं, "तिथं सुई लागल्यावर ओरडलात, तर मी पुन्हा पायांचा विषय काढणार नाही."

एसटीनं गोरेगाव गाठलं. बाजाराचा दिवस होता. सुया टोचणाऱ्या त्या मेश्रामताईंच्या घरातल्या पुढच्या खोलीत चटईवर पेशंट रांगेनं बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी तळपायाचा नकाशा. त्यावर ठिपके. मधला ठिपका युंगछ्वान (उसळता झरा). सुई कुठं टोचायची याचं माप पेशंटच्याच अंगठ्यानं घेतात, त्यामुळे नंबर येईपर्यंत सगळे आपापल्या पायावर अंगठे टेकवून बसले होते. मीही टेकवला. अंगठ्याला पाय कळला, पायाला अंगठा कळला नाही.

खोलीचा एक रिवाज होता. तळपायात सुई गेली की पेशंट ओरडायचा आणि सगळी रांग समाधानानं "लागली" म्हणायची. एक मिशीवाला धिप्पाड शेतकरी तर आईला हाक मारून मोकळा झाला. मी तिघांचं निरीक्षण केलं. ताईंनी पायाची बोटं दुमडली, माप घेतलं, की एक, दोन, आणि किंकाळी. जन्मभर मी कॉपी करणारी पोरं पकडली. आता स्वतःच करायला बसलो.

माझा नंबर आला. सुमन समोर बसली. ताईंनी छताकडे बघायला सांगितलं. बोटं दुमडली, माप घेतलं. मी दोन मोजले आणि बाजारापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो.

रांग म्हणाली, "लागली."

ताई म्हणाल्या, "काकाजी, काऊन खोटं बोलून राहिले? सुई तं अजून माह्या हातात आहे."

मला सुमनकडे बघवेना. ताईंनी जखम पाहिली, शुगर आहे का विचारलं. उत्तर सुमननं दिलं. ताईंनी सुई बाजूला ठेवली. "या पायाले मी सुई लावत नाही. मोठ्या डॉक्टरले दाखवा. उद्यावर टाकू नका."

त्याच दुपारी गोंदियात दाखवलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली. वेळेत आलात, पण आता रोज कुणीतरी हे तळवे बघायला हवेत, म्हणाले.

साताऱ्याला परतताना गाडीत समोर चार माणसं बसलेली असताना सुमननं माझा पाय मांडीवर ओढला आणि तळवा बघायला पट्टी सोडायला घेतली. मला लाज वाटली. त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. शेवटी सगळं सांगून टाकलं, वडिलांच्या पायाची भीतीसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. मग तळव्यावर हात ठेवून विचारलं, "कळतंय?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं हात काढला नाही. तो मला कळत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघत बसलो.