मी इथेच असते

आमच्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नाही. तोंडावर टापटीपराव आणि पाठीमागे नुसतंच टापटीप. वेबसाइट बनवणारं आमचं ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक लांबट खोली. टापटीपराव साइटचा कोड लिहितात आणि ती साइट सर्चमध्ये वर कशी येईल हे मी बघते. आमची टेबलं चिकटून आहेत. मधल्या फटीत माझी किती पेनं गेली, देव जाणे.

कोड म्हणजे साइटच्या पडद्यामागचं लिखाण. इथे मथळा सुरू झाला, इथे संपला, इथून परिच्छेद, हे सांगणाऱ्या खुणा त्यात असतात, त्यांना टॅग म्हणतात. उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे, हा टापटीपरावांचा बाणा. दुसऱ्याच्या कोडमध्ये एखादा उघडा सापडला की ते असं तोंड करायचे, जणू कुणीतरी बाहेर जाताना दार सताड उघडं टाकून गेलंय.

आमचं भांडण यावरूनच. ते म्हणायचे, "कोड स्वच्छ असला की साइट वर येते."

मी म्हणायचे, "अहो, आतलं कोण बघतंय? लोकांना उत्तर हवं असतं. तुमची इस्त्री कुणाला दिसते?"

"सर्चला दिसते, बाई. त्याला डोळे नाहीत. तो खुणा वाचूनच चालतो."

"वाचतो, मान्य. पण नुसत्या चांगल्या अक्षराला पहिला नंबर मिळत नाही."

यावर त्यांच्याकडे एक हुकमी एक्का होता. ते निमूटपणे सर्च उघडायचे, 'शिलाई मशीन टाके का सोडतं' असं टाइप करायचे आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवायचे. ती साइट त्यांच्या बायकोची.

त्यांची बायको शिलाई मशीन दुरुस्त करायची. मागच्या रस्त्यावर तिचा गाळा होता. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री घेऊन ती कधीमधी ऑफिसात यायची, टापटीपराव चष्मा घरी विसरले की. चष्मा द्यायची आणि त्यांच्या बाहीवर लोंबणारा दोरा दिसला की कच्चकन कापायची. मग माझ्याही. विचारायची वगैरे पद्धत नव्हती. कोड इतका टापटीप लिहिणाऱ्या माणसाच्या शर्टाचे दोरे मात्र कायम सुटलेले, यावरून मी त्यांना भरपूर छळलंय.

साइटवरचा मजकूर तिने सांगितला आणि त्यांनी तो टाइप केला. तिची अट एकच होती. 'खुणा तुमच्या, शब्द माझे. माझ्या शब्दांना हात लावायचा नाही.' म्हणून ती पानावर जशी बोलायची तशीच आहे. 'मशीन टाके सोडतंय? आधी सुई बदला. बदलली म्हणू नका, खरंच बदला. बॉबिन काढा, खाली कचरा अडकलाय तो काढा, मग मशीनला नावं ठेवा. तरी नाही जमलं तर घेऊन या. मी इथेच असते.' खाली गाळ्याचा पत्ता आणि फोन नंबर. गावोगावचे शिवणारे त्या पानाची लिंक एकमेकांना पाठवायचे.

मग ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

ती गेली, पण पान राहिलं. पहिल्या ओळीत, तसंच. 'मी इथेच असते.' मला ते बघवायचं नाही. कामासाठी सर्च करताना कधी ती ओळ समोर आली तर मी पटकन खाली सरकायचे. त्यात तिचा फोन टापटीपरावांच्या खिशात. तो वाजला की ते उचलायचे, आणि समोरून कुणी "मॅडम आहेत का?" विचारलं की शांतपणे म्हणायचे, "बाहेर गेल्यात. काय होतंय मशीनला?"

बाहेर गेल्यात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढे त्याचीही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मला अजिबात आवडत नाही.

लेकीने आईचं काम पुढे चालवायला घेतलं होतं. हात आईचाच, तोंडही थोडंफार. जुना गाळा मालकाने परत घेतला, म्हणून ती दोन रस्ते पलीकडे गेली. टापटीपरावांनी तिला नवी साइट करून दिली. इतका सुंदर कोड मी आयुष्यात पाहिला नाही. आणि ती साइट कुठे होती? आईच्या खाली. बरीच खाली. लोक सर्च करायचे, आईचं पान उघडायचे, जुन्या पत्त्यावर जायचे. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मशीन उचलून आलेली माणसं ते दुकान बघून परत जायची.

एका दुपारी लेक ऑफिसात आली. उभ्यानेच बोलली.

"बाबा, आज एक बाई आल्या. म्हणाल्या, तुम्ही त्या खऱ्या नाही ना? खऱ्या बाई साइटवर आहेत. मी काय सांगू त्यांना?"

"मी तुझी साइट अजून नीट करतो."

"नीट काय करताय! आईच्या पुढे मला जाताच येत नाहीये. असंच चाललं तर मला गाळा सोडावा लागेल. आई गेली हो, बाबा. तुम्ही तिला पाटी धरून रस्त्यावर उभं केलंय." आणि ती ढसाढसा रडली. मी पाणी दिलं, दुसरं काय देणार.

ती गेल्यावर मी सरळ म्हटलं, "अहो, पत्ता तरी बदला त्या पानावरचा."

"शब्द तिचे आहेत."

"मग रिडायरेक्ट करा. साइटच्या जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप लेकीच्या साइटवर जाईल. तुम्हाला का हे माहीत नाही?"

"म्हणजे तिचं दार ढकललं की ती दिसणारच नाही." एवढं बोलून ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. मी हात टेकले.

पण लेकीचं बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. शब्दांना हात लावायचा नाही, पण खुणा तर आपल्या! पान वर आहे ते आपल्या स्वच्छ कोडमुळे, मग आपला हात काढून घेतला की ते आपोआप खाली जाईल, लेक वर येईल, आणि बायकोला दिलेला शब्दही मोडणार नाही. असा तो हिशोब. हा माणूस बायकोचं पान खराब करायला बसला.

आधी त्यांनी परिच्छेदांचे टॅग उघडे टाकले. एक खूण पुसायची की त्यांचा हात थांबायचा. दुखऱ्या दाताला जीभ लावल्यासारखं तोंड व्हायचं. सगळं झाल्यावर त्यांनी पान उघडलं आणि मला हाक मारली. आवाज विचित्र होता.

"बाई, हे बघा."

पान होतं तसंच होतं. एक ओळ हललेली नव्हती.

"ब्राउझर करतो ते," मी म्हटलं. "परिच्छेद उघडा राहिला तर पुढचा सुरू होताना तो स्वतःच बंद करून घेतो. तुम्हीच मला शिकवलंय."

"माहीत आहे मला." ते स्क्रीनवरून नजर हलवत नव्हते. "मी सोडतोय आणि मागून कुणीतरी येऊन आवरतंय."

मला ती कात्री आठवली. कच्चकन. त्या भर दुपारच्या उजेडात, खाली दुकानात कुणीतरी चपलांच्या किमतीवरून हुज्जत घालत असताना, मला खरोखर भीती वाटली.

मग त्यांनी मथळ्यांच्या खुणा काढून टाकल्या. सर्चला वाचायला दिलेली चित्रांची वर्णनं पुसली. कोडच्या पोटात वर्षानुवर्षांच्या निकामी कोडचा पालापाचोळा ओतला. आता मात्र पानाची रया गेली. चित्रं मजकुरावर चढली, ओळी एकमेकींना धडकल्या. ते रोज सर्च करून बघायचे, मीही चोरून बघायचे. एखादी पायरी तरी घसरेल, असं माझंही गणित होतं. सर्च ते मोडकं पान पुन्हा पुन्हा वाचून जात होता, आणि ती पहिलीच. 'मी इथेच असते.'

एक दिवस ते माझ्याकडे वळले. डोळे लाल.

"बाई, माझं काहीच उरलं नाही त्या पानात. सगळ्या खुणा काढल्या. तरी ती पडत नाही. का?"

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते, आणि मला ते जिंकणं नको होतं.

"कारण लोकांना तिचं म्हणणं पटतं," मी म्हटलं. "टाके सुटले की माणसं जे विचारतात, तेच ती सांगते. माणसं लिंक देतात, तिच्या पानावर थांबतात. तुमच्या कोडमुळे ते पान सर्चला धड वाचता आलं, रस्ता मोकळा मिळाला, एवढं खरं. पण तिथे ती तुमच्या जोरावर उभी नाही. स्वतःच्या जोरावर आहे."

ते तोंड ओंजळीत घालून हसले की रडले, मला कळलं नाही. "मला वाटायचं मीच धरून ठेवलंय तिला," म्हणाले.

"तुम्हाला तिला पाडता येणार नाही. आणि कशाला पाडायचं? तिच्याकडे येणारी माणसं लेकीकडे वळवा. तिचे शब्द अख्खे तिकडे न्या. एक अक्षर बदलू नका."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस मोठ्याने बोलत होतं, मलाही ऐकू आलं. "मॅडम आहेत का?"

टापटीपरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी टेबलाची कड धरून बसले होते.

"नाहीत," ते म्हणाले. "त्या... ती वारली. मुलगी आहे आमची. तिच्याकडे न्या मशीन. हो, तिच्याच हाताखाली शिकलीय."

फोन ठेवून त्यांनी त्याच दुपारी सगळं हलवलं. आईचे शब्द लेकीच्या साइटवर गेले. 'मी इथेच असते' ठेवायचं का, असं त्यांनी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "ठेवा ना. मी काय दुसरीकडे जाणार आहे?" साइटचा जुना पत्ता नव्याकडे वळला. पुढे हळूहळू सर्चमध्ये आईची ओळ गेली आणि तिच्या जागी लेकीची आली. आता तिच्या गाळ्यात मशीन ठेवायला जागा नसते. परवाच गेले होते, तर तिने माझ्याही बाहीचा दोरा कापला.

ती ओळ गेली त्या दिवशी टापटीपराव म्हणाले, "बाई, जरा खाली बघा ना, आहे का कुठे?" मी दुसरं पान उघडलं, तिसरं, पुढचं. सर्चची इतकी पानं कुणी उलटत नाही, आम्हीसुद्धा नाही. शेवटी सर्चनेच सांगितलं की आता पुढे काही नाही. ती कुठेच नव्हती. "बरं," ते म्हणाले आणि कामाला लागले.

नंतर एकदा लेकीची साइट तपासताना मला तिच्या कोडमध्ये एक उघडा टॅग दिसला. बाकी सगळं आरशासारखं, आणि 'मी इथेच असते' या ओळीचा परिच्छेद तेवढा बंद केलेला नाही. टापटीपरावांच्या हातून! मला कोण आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना पकडलं होतं.

"अहो टापटीपराव, हा कसा राहिला?" म्हणत मी तो बंद करायला हात पुढे केला.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," म्हणाले. "तेवढा एक ती बंद करते."