भुंडी निवडणाऱ्या मावशी

नवं माणूस दिसलं की आधी त्याच्या कपाळावर अंगठा, ही आमच्या शेजारच्या मावशींची खोड. मी लग्न होऊन दिग्रसला आले, तेव्हा गर्दीतून पुढे येऊन त्यांनी माझं कपाळ चाचपलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "भुंडी हाय वं. मारणार नाही."

सारे हसले. माझं कुंकू फिसकटलं, ते कुणाला दिसलं नाही!

कारण मागाहून कळलं. तरुणपणी बकरीच्या शिंगानं त्यांचा डावा डोळा गेला होता. तेव्हापासून रस्त्यात शिंगवाली म्हैस दिसली तरी त्या जवळच्या ओट्यावर चढायच्या, मग त्या घराशी भांडण का असेना. बकऱ्या मात्र पाळायच्या; पिल्लू चार दिवसांचं झालं की कपाळ चाचपायचं. शिंगाची गुठळी लागली की ते बाजारात. बोकडही भुंडाच हवा. "भुंडी ते भली," म्हणायच्या. होता होता सगळा कळपच बिनशिंगी झाला.

मला दिवस गेले तेव्हा रोज सकाळी त्यांच्या बकरीचं दूध यायचं. "पी वं बाई, फेस हाय तवरच पी." मी नाक दाबून प्यायचे.

त्याच वर्षी पिल्लं विचित्र जन्मू लागली. दिसायला गोजिरी, पण ना धड पाठ म्हणजे मादी, ना धड बोकड. मावशींचा हातच वाईट, अशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी दूध बंद केलं. खरं सांगते, मी फार भ्यायले. पोटातलं हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती.

मावशी तर माझ्याहून भ्यायलेल्या. अंगठा पदरात गुंडाळून कुंपणापलीकडूनच विचारायच्या, "बरी हाय ना वं? माह्या हातानं काही वंगाळ त् नाही झालं?"

शेवटी मीच त्यांना ओढत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आधी मला म्हणाल्या, "दुधानं काही होत नसतं, घाबरू नका." मग मावशींना समजावलं. बकरीत भुंडेपण आणि पिल्लांचं हे अर्धवट वांझपण एकाच गाठीत बांधलेलं असतं. आई-बाप दोन्ही भुंडे असले की मादी पिल्लात ते उतरू शकतं. "रानात असा कळप वाढला नसता. तुम्ही डोकं निवडत गेलात, दुसरं मागोमाग आलं. आता शिंगवाला बोकड आणा."

मावशी दाराकडे सरकल्या. "शिंगवाला? माह्या घरात? माय वं! हा बी डोया गेला त्?"

"नका आणू मावशी," मी म्हटलं, "विकून टाका बकऱ्या."

"अन् हे पिल्लं कोन घीन? खाटीकच ना?"

आणला त्यांनी बोकड. दोरीचं पार टोक धरून. चारा टाकायला जाताना चांगला डोळा तळहातानं झाकून घ्यायच्या, म्हणजे काहीच न दिसता गोठ्यात! मी ओरडायचे, "अहो, पडाल ना!"

"झाकला त् वाचन. अन् पाह्यलं त् मी भिऊन पळीन!"

माझी मुलगी झाली. बारशाला मावशी उंबऱ्यातच थबकल्या. मीच त्यांचा अंगठा पदरातून सोडवून बाळाच्या कपाळावर ठेवला. त्यांनी कितीतरी वेळ चाचपलं. 'भुंडी हाय' ऐकायला बाया थांबल्या होत्या.

"हिले शिंगं येऊ दे वं," मावशी म्हणाल्या. "भेवापायी भुंडंच निवडू नोको."

आता मावशी नाहीत. त्यांचा तो एक डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला, कळपातही पुन्हा धड पिल्लं जन्मली. मुलगी परवा वर्गातल्या दोन दांडग्या पोरांशी भांडून आली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, तरी रागावले नाही. जवळ ओढून तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला.