वाकळीच्या पोटातला घास

फलटणच्या ज्या वसतिगृहात राहून मी पदवीधर झाले, तिथल्या मुलींच्या जेवणघराच्या मदतीसाठी यंदा हातानं केलेल्या वस्तूंचा लिलाव होता. मी आईला जुन्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला सांगितलं. आटपाडीला घरी गेले तेव्हा शेवटची बाजू तेवढी उघडी होती आणि आईच्या हातात भाकरीचा तुकडा होता. आमच्याकडे वाकळ बंद करण्याआधी तिच्या पोटात घास ठेवतात.

"आई, मुंग्या लागल्या तर घेणारा काय म्हणेल?"

"मग ऱ्हाऊ दे. उपाशी वाकळ मी परक्याच्या घरी धाडायची न्हाई." तिनं सुई खाली ठेवली.

मदतीला आलेली शेजारची चाची हसली. "लय शिकलीस गं! आता वाकळीलाबी मेसचं कार्ड काढून दे."

मलाही हसू आलं. वसतिगृहात मला एकदाही उपाशी झोपावं लागलं नव्हतं. त्याच उपकारापोटी तर मी ही वाकळ देत होते. मी आतून भाकरीऐवजी चिमूटभर कोरडे तांदूळ आणले.

"एवढ्यानं कुणाचं पोट भरतंय?" आई म्हणाली.

मी मूठभर आणले, तेव्हा कुठे तिनं सुई उचलली.