वरच्या वाडीपासून सुटणारी गाडी

शांताबाई ओव्हाळ यांची माझी पहिली ओळख आमच्या अंगणात झाली. बेडशाच्या डोंगराला टेकून, गावापासून चढावर, वरच्या वाडीत आमचे घर आहे. शाळा खाली गावात आणि वाट लहान मुलीने एकटीने चालण्याजोगी नव्हती. म्हणून पहिली अक्षरे मी वडिलांजवळ घरीच गिरवली. शांतामावशी तेव्हा गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या. एकदा चढ चढून त्या आल्या आणि पदराने घाम पुसत वडिलांना म्हणाल्या, "पोरीला शिकीवताय ते झ्याक. पन तिला खेळायला कोन हाय हितं?" पुढच्या जूनपासून मी शाळेत जाऊ लागले. वाटेवर सोबतीला मावशी स्वतः येत.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहायचे तर गाडीविषयी लिहायला हवे. कामशेत स्टेशनला जायला पूर्वी एक डिझेलची जीप होती. ती गावच्या चौकात उभी राही आणि भरली की सुटे. वाडीतली माणसे खाली पोचेपर्यंत जागा संपलेली असे. त्यांच्या वाट्याला धूर येई. निवृत्तीनंतर मावशींनी बचत गटातल्या बायकांना तयार केले आणि गटाने बॅटरीवरची रिक्षा घेतली. हे एकटीचे काम नव्हते, असे लिहायला त्यांनीच मला बजावले आहे. पण सकाळची पहिली फेरी वरच्या वाडीपासून सुटेल, हा नियम त्यांचाच.

त्यावरून बैठकीत वाद झाला. मी दाराशी बसले होते.

"मावशी, रिकामी गाडी वर नेऊन चार्जिंग कशाला घालवायचं?" गटातल्या एकीने विचारले.

"खालीच भरली तर वरच्यांनी कुटं बसायचं? टपावर?"

"वर हायत किती मानसं!"

"हायत ना? मग झालं."

गाडी चालवणारे रफीकभाऊ हसत म्हणाले, "मावशी, चढावर दमली तर ढकलायला तुमी यायचं."

"येईन की. पन आदी तू खाली उतर. लय वजन हाय तुजं."

पुढे वाडीतली घरे एकेक करून बंद झाली. बरेच जण लोणावळ्याच्या हॉटेलांत कामाला लागले आणि तिकडेच राहिले. सकाळी खाली जाणारी मी एकटी उरले. माझ्या एकटीसाठी गाडी एवढा चढ चढते, याचा मला फार संकोच वाटे. शेवटी मावशींना म्हटले, "मी चौकापर्यंत चालत येत जाईन."

त्या म्हणाल्या, "तू चालाय लागलीस की गाडी वर यायची बंद व्हईल. उद्या आनिक कुनाच्या लेकीला खाली यायचं असंल तर? बस गप."

बसले. रिकाम्या बाकांची सवय मला कधीच झाली नाही. पण माझे कॉलेज त्या फेरीमुळे पुरे झाले.

आता मी नोकरीसाठी पुण्यात राहते. वाडीत फक्त वडील आहेत आणि त्यांना रोज खाली जायचे काम नसते. पहिली फेरी चौकातूनच सोडावी, हा विषय गटाच्या येत्या बैठकीत आहे असे कळते. हा अंक वाचणारे बरेच जण तिथे असतील. चार्जिंगच्या खर्चाचे म्हणणे खोटे नाही, आणि माझे वडील वर आहेत म्हणून मी निःपक्षपाती आहे असेही म्हणवत नाही. तरी पाहिलेले सांगते.

मागे घरी गेले होते, तेव्हा सकाळी गाडी वर आली. आत शांतामावशी एकट्याच बसल्या होत्या. मी विचारले, "मावशी, इतक्या सकाळी कुठे निघालात?"

"कुटं न्हाई. वर येते, तुज्या बापाला हाक मारते आन् खाली जाते. गाडी रिकामी गेली, असं म्हनाय नको कुनी."

"गुडघे दुखत्यात, तरी रोज येत्यात," रफीकभाऊ म्हणाले. "आमचं कुटं ऐकत्यात!"

शांतामावशींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे. त्यांनी शंभरी पाहावी. त्या सगळ्या वर्षांत त्यांना सकाळी निवांत पडून राहता यावे, आणि गाडी त्यांच्यावाचूनही वर जावी.